बिनभोकाचा पैसा

१

दस्तूरसाहेबांनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं तेव्हाच अभिमन देवरेंनी ओळखलं, की काहीतरी बिनसलंय. तीस वर्षं पोलीस खात्यात काढलेल्या माणसाला तोंडं वाचता येतात, आणि मुंबईहून आलेल्या या वयस्क पारशी नाणेतज्ज्ञाचं तोंड काही चांगलं सांगत नव्हतं.

"चौधरीसाहेब, फोटोतली वस्तू ही नाय वाटते," दस्तूर हळूच म्हणाले. "मी सही नाय करणार."

गिरधरनाना चौधरींच्या जळगावच्या घरातल्या त्या बैठकीत पंखा तेवढा फिरत राहिला. १९८९ सालचा श्रावण होता. खानदेशात श्रावणात घरोघरी नारळ मांडून पुजतात ती कानबाई कालच विसर्जनाला उठली होती आणि दारावरचं तोरण अजून पुरतं सुकलंही नव्हतं. नानांनी या मंगळवारची वर्षभर वाट पाहिली होती. त्यांच्याकडचा बिनभोकाचा पैसा आज अस्सल ठरणार होता, आणि मुंबईच्या प्रदर्शनात काचेखाली बसणार होता.

भोकाचा पैसा आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. लढाईच्या काळात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारने पैशाच्या पोटालाच भोक पाडलं. लोकांनी तो दोऱ्यात ओवला, पोरांच्या कमरेला बांधला. पण नानांकडचा पैसा वेगळा होता. भोक पाडण्याआधी ठसा नीट उमटतो की नाही, ते पाहायला टाकसाळीत पाडलेला चाचणीचा नमुना. कडेने अक्षरं, आत वेल, आणि भोकाच्या जागी सपाट, कोरी चकती. नानांचे सासरे टाकसाळीत नोकरीला होते. निवृत्तीच्या दिवशी तिथल्या साहेबाने तो त्यांच्या हातावर ठेवला होता, अशी हकीकत नाना ज्याला त्याला सांगत.

नानांनी आधी मुंबईला पाठवलेल्या फोटोतला पैसा जुन्या गुळासारखा काळपट तपकिरी होता. टेबलावरचा मात्र झगझगीत होता, आणि अक्षरांच्या खाचांत लालसर काहीतरी साचलं होतं.

"असा लाल गंज औषधात बुडवून आणतात," दस्तूर म्हणाले. "नकली माल जुना दाखवायला. अस्सलच असेल आणि कोणी खेळ केला असेल, तर तेही मला सांगता येत नाय."

नानांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. ते खुर्चीत वळले आणि त्यांची नजर अभिमनच्या शेजारी बसलेल्या माणसावर थांबली.

"पंडित," नाना म्हणाले, "शुक्रवारी तू माझ्या हातात काय दिलंस?"

२

पंडित सोनार धुळ्याला देवपुरात अभिमनच्या शेजारी राहायचा आणि तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवायचा. अभिमन त्याच्याच सोबतीने आले होते. खानदेशातल्या नाणेप्रेमींची माहितीपुस्तिका निघायची होती. तिच्यासाठी त्या पैशाचं मोठं चित्र काढायला नानांनी तो त्याच्याकडे आठवडाभर दिला होता. शुक्रवारी पंडितने तो पाकिटात घालून परत केला होता. नानांनी पाकीट न उघडताच कपाटात टाकलं होतं. या घोडचुकीबद्दल नाना अवाक्षर बोलत नव्हते. माणूस स्वतःच्या चुकीचं बोट नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यात घालतो.

आणि पंडित जातीचा सोनार. बाप दागिने ओतायचा. साचा, ओतकाम, मुलामा या गोष्टी त्याने पाळण्यात असताना पाहिलेल्या. संशयाला याहून जास्त लागतं काय?

"रविवारपर्यंत थांबतो, देवरेसाहेबांच्या शब्दाखातर," नाना म्हणाले होते. "सोमवारी पोलिसात फिर्याद, आणि शाळेच्या संस्थेला कळवणार. चोर मास्तर पोरांना काय शिकवणार?"

परतीच्या एसटीत पंडित पारोळ्यापर्यंत हातातल्या तिकिटाला घड्या घालत राहिला. मग खिडकीबाहेर पाहत अहिराणीत म्हणाला, "अभिमनभाऊ, मी चोर नही शे."

"माले माहीत शे."

"लोकेसले कोन सांगी? मन्ही नोकरी गई ते गई. पन पोरे माले चोर म्हनतीन."

हे अभिमनला लागलं. ज्या गल्लीतून माणूस रोज सायकलवर जातो, त्या गल्लीने त्याच्या पाठीमागे कुजबुजणं म्हणजे काय, ते त्यांनी नोकरीत फार जवळून पाहिलं होतं. एकदा नाव गेलं की निर्दोष सुटलेला माणूसही पुरता परत येत नाही.

"तू त्याचा साचाबिचा काही घेतला व्हता का?" त्यांनी सहज विचारलं.

"नही," पंडित चटकन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंडित शाळेत गेला असताना अभिमन त्याच्या घरी गेले. पंडितच्या बायकोने, लताबाईने, "काय पाहायचं ते पाहा, भाऊ," म्हणत रंगांची पेटी त्यांच्यापुढे सरकवली. तिचे डोळे रडून सुजले होते. रंगाच्या ट्यूबा, ब्रशं, चिंध्या, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.

कागद उलगडून अभिमनने ती वस्तू उजेडात धरली. प्लास्टरचा पांढरा साचा होता तो. त्यात गोल खळगा, कडेने उलटी अक्षरं, उलटी वेल आणि मधोमध कोरी चकती.

पंडित खोटं बोलला होता.

३

गुरुवारी साचा खिशात टाकून अभिमन जळगावला गेले. वाटेत त्यांना स्वतःची लाजही वाटत होती. खिशातली वस्तू पंडितला दाखवून विचारायची त्यांची हिंमत झाली नव्हती. उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काय!

छगन शेठ सराफ बाजारात जुनी नाणी घ्यायचा आणि विकायचा. हा इसम नानांच्या पैशावर तीन वर्षं डोळा ठेवून होता, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

"मी? मी कशाला चोरू?" छगन खो खो हसला. "अहो साहेब, मी विकत मागत होतो. चोरीचा माल मी कोणाला दाखवणार? असली नाणी हिंदुस्थानात किती जणांकडे असतील, आणि त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतात."

"रविवारी तुम्ही नानांच्या घरी होता."

"कानबाईच्या दर्शनाला! सगळा बाजार जातो. ओटीवर बसलो, पाया पडलो, आलो. प्रसादाचा रोट थोडाच मिळतो आपल्याला? तो भाऊबंदांनीच खायचा." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि सांगतो, त्या सोनार मास्तरनं ओतून केला असेल ना, तर दस्तूर साहेबाला भिंगाचीही गरज नव्हती. धातू थंड होताना आकसतो. साच्यातून काढलेलं नाणं मूळ नाण्यापेक्षा हटकून लहान. मी या फसवणुकीत पोळलोय. ओतीव रुपया अस्सल रुपयावर ठेवला की कड उघडी पडते."

"हटकून लहान?"

"केसभर का होईना, लहानच."

अभिमन उठले. दारात पोचल्यावर त्यांनी खिशावर हात ठेवला. साच्याची कड बोटांना लागली, आणि त्यांच्या मनात पहिल्यांदाच एक वेगळा विचार आला. इतका वेगळा, की तो खोटा ठरू नये म्हणून ते तो विचार लगेच बोलायलाही तयार नव्हते.

४

नाना घरीच होते. अभिमनने नाण्याचं कपाट पाहायला मागितलं. लोखंडी कपाट, कुलूप शाबूत, ओरखडा नाही.

"किल्ली?"

नानांनी सदरा वर केला. किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती. करदोडा लाल, कोरा करकरीत.

"आंघोळीलाही सोडत नाही," नाना अभिमानाने म्हणाले.

"पण हा करदोडा नवा दिसतो."

"जुना रविवारी तुटला. आंघोळ करताना. देवाच्या दिवशी दोरा तुटावा, काय म्हणायचं! घरात कानबाईची धांदल. बाजारातून नवा आणायला कोणाला सवड? सोमवारी संध्याकाळी, कानबाई उठल्यावर बांधला."

"आणि तोवर किल्ली?"

"देवघरात ठेवली होती. देवाच्या समोर. तिथे कोण हात लावणार?" नानांनी सदरा खाली केला. त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला होता.

आतून नानांची बायको कुंदाबाई पाणी घेऊन आल्या. किरकोळ अंगाच्या, डोक्यावर पदर, नजर खाली. नखांच्या कडा अजून पिवळसर होत्या. सणाची हळद चार दिवसांत थोडीच जाते?

"कुंदाअक्का, लेक कशी आहे?" अभिमनने विचारलं. आतल्या खोलीत त्यांची मुलगी बेबा बाळंतपणाला आलेली आहे, हे त्यांना पंडितकडून कळलं होतं. आधी दोनदा तिचं मूल गेलं होतं, हेही.

कुंदाबाईंनी ताटली घाईने टेबलावर ठेवली. ग्लासातलं पाणी ताटलीत सांडलं. "बरी हाये, भाऊ," त्या पुटपुटल्या आणि आत गेल्या.

त्यांच्या मागे दार लागताच नाना पुन्हा पंडितवर घसरले. साप साप म्हणून भुई धोपटणं त्यांना मनापासून आवडत होतं. अभिमनने पैसा मागून घेतला, खिडकीशी नेला आणि खाचांतला तो लालसर थर पाहिला. गंज खरवडावा लागतो. हा नखाने भुकटीसारखा सुटत होता.

धुळ्याला घरी पोचले तर त्यांची बायको पुष्पाबाई अंगणात त्यांचाच सदरा घेऊन उभी होती.

"हाई बघा!" ती कडाडली. "वरणना पिवया डाग व्हता. साबन लावा ते लाल व्हई गया. तुम्ही जेवतस का सदरा जेवस?"

अभिमन त्या लाल डागाकडे पाहत राहिले. मग सदरा तिच्या हातातून घेऊन असे हसले, की ती घाबरली.

५

रविवारी नानांच्या बैठकीत दस्तूरसाहेब पुन्हा आले होते. ते आठवडाभर जळगावातच होते, आणि त्यांचाही जीव या पैशात अडकला होता. छगनलाही बोलावलं होतं. पंडित आला नाही. त्याला येववेना. आतून पोह्यांच्या बशा आल्या, वर लिंबाच्या फोडी.

अभिमनने खिशातून प्लास्टरचा साचा काढून टेबलावर ठेवला.

"हा पंडितच्या घरात सापडला."

"बघा!" नाना उसळले. "मी काय म्हणत होतो?"

"थांबा, नाना. छगन शेठ, तुम्ही मला काय सांगितलं? साच्यातून ओतलेलं नाणं कसं होतं?"

"लहान होतं," छगन म्हणाला. "साच्यात टाकलं तर खुळखुळेल."

"दस्तूरसाहेब, बरोबर?"

"एकदम."

"मग आता हा टेबलावरचा पैसा, ज्याला आपण नकली म्हणतोय, साच्यात ठेवून पाहू. पंडितने साचा घेतला तो अस्सल पैशावरून. नकल असेल तर ती सैल बसेल."

अभिमनने पैसा खळग्यावर ठेवला. तो आत गेला नाही. त्यांनी अंगठ्याने दाबला, तेव्हा 'टक्' आवाज होऊन तो कडेला कड लावून बसला. हलवला तर हलेना. दस्तूर भिंग लावून पुढे झुकले. पैशाच्या एका अक्षराखाली टाकसाळीच्या ठशाला गेलेल्या तड्याचा केसासारखा उंचवटा होता. तो प्लास्टरच्या साच्यातल्या खाचेत तंतोतंत उतरला होता.

मग त्यांनी भिंग काढलं. "देवरेसाहेब," ते शेवटी म्हणाले, "हीच ती वस्तू. शंभर टक्के अस्सल. पण मग हिचं तोंड असं का झालं?"

पैसा साच्यातून निघेना. अभिमनने साचा टेबलाच्या कडेवर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले आणि पैसा बाहेर आला. मग त्यांनी आगकाडीच्या टोकाने खाचेतला चिमूटभर लाल थर काढून पांढऱ्या बशीत झटकला. पोह्यांवरची लिंबाची फोड उचलून तिच्यावर एक थेंब पिळला.

लाल कण बघता बघता पिवळे झाले.

"तांब्याचा गंज लिंबाने पिवळा होत नाही," अभिमन म्हणाले. "हळद होते. हळदीला साबण लागला की ती लाल, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. माझ्या बायकोने मला हे शिकवलं, तेही ओरडून. हा पैसा कोणी जुना दाखवायला औषधात बुडवलेला नाही. आधी चिंचेनं घासून लखलखीत केला, देवाची तांब्याची भांडी घासतात तसा. मग त्याला हळद लागली. मग साबणाने धुऊन परत ठेवला."

"मग पंडितनेच धुतला असेल!" नाना म्हणाले. हरलेला माणूस हातातली शेवटची काठी सोडत नाही.

"नाना, पैसा शुक्रवारी तुमच्या कपाटात गेला. किल्ली रविवारी सकाळपासून सोमवार संध्याकाळपर्यंत तुमच्या देवघरात होती, आणि घरात त्या वेळी एकच हळदीचं काम चाललं होतं. मी इथे थांबतो. पुढचं मला सांगायचं नाही."

ते खरंच थांबले. त्यांना पुढचं कळलेलं होतं, आणि ते सांगितल्याने या घरात काय होईल त्याची त्यांना धास्ती वाटत होती. पंडितला वाचवायला दुसऱ्या कोणाचा बळी द्यायचा का? 

आतल्या दाराचा पडदा हलला.

"मी धुतला," कुंदाबाई म्हणाल्या.

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "तू?"

"तो पैसा माह्या बापाचा व्हता. त्यानं मले दिल्हता, तुम्हाले न्हई." त्या उंबरा ओलांडून पुढे आल्या. "बेबाचं दोनदा गेलं. यंदा कानबाईले बोलली, बापाचा पैसा तुह्या नारळाखाली ठेवीन, माह्या लेकीचं निभू दे. तुम्हाले मांगितला, तुम्ही म्हणे हे नाणं हाये, देव न्हई. मंग रविवारी तुमचा करदोडा तुटला. मले वाटलं तिनंच तोडला."

"आणि हे तू आजवर बोलली नाहीस?" नाना ओरडले. "मी एका मास्तरला चोर म्हणत गावभर फिरलो!"

"पैसा खोटा निंघाला एवढंच मले अठी आतपर्यंत आयकू आलं. मास्तरचं नाव आज आयकलं. नवस बोलून दाखवला तं फळत न्हई, म्हून गप बसली." कुंदाबाईंनी मग अभिमनकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे या माजी इन्स्पेक्टरला मान खाली घालावी लागली. "तुम्ही बी तीन येळा आले, भाऊ. छगनशेठले इचारलं, ह्यायले इचारलं, त्या मास्तरच्या घरी धुंडाळलं. मी पाणी आणून देत व्हती. मले कोणी इचारलं?"

दस्तूरसाहेबांनी भिंग डबीत ठेवलं. "बाई," ते म्हणाले, "मी अस्सल म्हणून सही देतो. पण वरची जुनी कांती गेली. ती परत नाय येत."

 कुंदाबाई पुढे झाल्या, टेबलावरचा पैसा उचलला आणि मुठीत धरून आत गेल्या. नानांनी हात पुढे केला होता. तो त्यांनी हळूहळू मागे घेतला.

६

"ज्या तोंडाने चोर म्हणालात, त्याच तोंडाने आणि त्याच्या गल्लीत," अभिमनने एवढंच सांगितलं. नाना अडेलतट्टू होते, पण हलके नव्हते. संध्याकाळच्या आत ते देवपुरात पंडितच्या अंगणात उभे होते. आजूबाजूच्या बायका ओट्यांवर आल्या होत्या, शाळेतली दोन पोरं कुंपणावर चढून बसली होती.

"पंडित मास्तर," नाना मोठ्याने म्हणाले, "पैसा माझ्या घरातच होता. दोष माझा. मला माफ कर." आणि त्यांनी हात जोडले.

पंडितने त्यांचे हात धरून खाली केले. लताबाईने चहा आणला. नाना तो उभ्या उभ्याच प्यायले आणि गेले. गल्लीला ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं, उद्या शाळेतही ते पोचणार होतं. लताबाई पदराने डोळे पुसत आत गेली.

अभिमन आणि पंडित ओट्यावर उरले. मध्ये रोजचा बुद्धिबळाचा पट होता. अभिमनने खिशातून साच्याचे दोन तुकडे काढून त्याच्यापुढे ठेवले.

"पोरेसले दखाडाले करा व्हता," पंडित म्हणाला. "पैसा मुंबईले गया म्हंजे कोन दखाडनार? नानाले न विचारता करा, म्हनीसन पेटीमा दपाडा. तुले खोटं बोलनू ते बी तवढ्याचसाठे."

"त्यानीच तुले वाचाडं."

"हां." पंडितने तुकडे जुळवून पाहिले. कडा बसत होत्या, पण मधली चीर दिसत राहिली. "भाऊ, एक विचारू?"

"विचार."

"तू हाऊ खिसामा टाकीसन गया, माले काहीच न विचारता. तवय तुले वाटनं व्हतं का, मी चोर शे म्हनीसन?"

अभिमन देवरेंनी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले होते आणि खोटी उत्तरं लगेच ओळखली होती. आता समोरचा माणूस त्यांचं तोंड वाचत होता. पांझरा नदीकडून वारा येत होता, पटावरची प्यादी जिथल्या तिथे उभी होती. त्यांना खोटं बोलता आलं असतं, पण पंडितने ते ओळखलं असतं.

"वाटनं व्हतं," ते म्हणाले.

पंडितने मान डोलावली. तो रागावला नाही. त्याने साच्याचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, पटावरची सोंगटी न सोंगटी गोळा करून डब्यात भरली, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "आज राहू दे, देवरेसाहेब."

इतक्या वर्षांत त्याने त्यांना साहेब कधीच म्हटलं नव्हतं.